पहिले क्लिप-इन शूज घेताना: दोन छिद्रांचे की तीन छिद्रांचे?

वडगावचा_वाटसरू (बेळगाव)

नमस्कार मंडळी. मी वडगावात राहतो आणि उद्यमबागेतल्या कारखान्यात सायकलनेच ये-जा करतो. रविवारी आमचा लहानसा गट कधी येळ्ळूरच्या राजहंसगडावर, कधी जांबोटीपर्यंत आणि पाऊस ओसरला की कणकुंबीच्या पुढे चोर्ल्याच्या उतारापर्यंत जातो. माझी सायकल ड्रॉप हँडलची साधी रोड बाईक आहे. तिला विकत घेतानाच आलेली सपाट प्लास्टिकची पेडले अजून तशीच आहेत आणि पायात धावण्याचे मऊ तळाचे बूट असतात.

लांब पल्ल्यावर मला दोन त्रास जाणवतात. दोनेक तासांनंतर चवड्याखाली जळजळ सुरू होऊन पुढची बोटे बधिर होतात, आणि रस्ता उखडलेला असेल तेथे पाय पेडलवर पुढेमागे सरकत राहतो. येत्या हिवाळ्यात 200 किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) साडेतेरा तासांच्या मुदतीत पुरी करावी अशी इच्छा असल्यामुळे, त्याआधी क्लिप-इन शूजची, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या बुटांची, सवय करून घ्यावी असे वाटते. इंटरनेटवर वाचले तेवढा गोंधळ वाढला. कोणी एसपीडी म्हणतो, कोणी एसपीडी-एसएल. माझे पाय पुढून रुंद आहेत, आणि गावातल्या दुकानांत हे बूट मोजक्याच मापांत मिळत असल्याने बहुधा घरपोच मागवावे लागतील किंवा कोल्हापूर, हुबळीला जावे लागेल. एक भीतीही आहे. टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी किंवा गोगटे सर्कलला अचानक थांबण्याची वेळ आली आणि पाय सुटलाच नाही, तर काय करायचे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

वाटसरू, आपण कोणता बूट वेगवान आहे हे विचारले नाही, हे बरे झाले, कारण पहिल्या जोडीच्या बाबतीत तो प्रश्न गौण आहे. सायकलवरून उतरल्यावर आपण किती आणि कोठे चालणार, हे आधी ठरवावे. त्यावरून पेडलची पद्धत ठरते आणि पेडलवरून बूट.

पेडलमध्ये अडकणारा जो तुकडा बुटाच्या तळाला बोल्टने बसवतात, त्याला क्लीट म्हणतात, आणि दोन किंवा तीन छिद्रे म्हणजे त्या बोल्टांची छिद्रे. दोन छिद्रांची पद्धत, म्हणजे एसपीडी, शिमानो या जपानी कंपनीने 1990 साली डोंगरी सायकलींसाठी बाजारात आणली. डोंगरात सायकल खांद्यावर घेऊन चालावेच लागते, हे गृहीत धरून तिची रचना केलेली आहे. तिची क्लीट पोलादी आणि लहान असते आणि बुटाच्या रबरी तळात खोलगट जागी बसते, त्यामुळे चालताना जमिनीला रबर टेकते, धातू नव्हे. तीन छिद्रांची पद्धत याहून जुनी. स्कीइंगचे बाइंडिंग बनवणाऱ्या लूक या फ्रेंच कंपनीने 1984 साली ती रस्त्यावरच्या शर्यतींसाठी काढली, आणि 1985 साली फ्रेंच स्वार बर्नार इनो यांनी तीच पेडले वापरून टूर द फ्रान्स जिंकल्यावर ती सर्वत्र पसरली. शिमानोची एसपीडी-एसएल याच घराण्यातली आहे. तिची क्लीट मोठी, प्लास्टिकची आणि तळाच्या बाहेर आलेली असते. ज्या सायकलस्वाराच्या मागे मदतीची गाडी चालते आणि जो शर्यत संपेपर्यंत उतरत नाही, त्याच्यासाठी ती उत्तम आहे.

आता आपला दिनक्रम पाहा. सकाळी कारखान्याच्या फाटकापासून खात्यापर्यंत चालणे आहे आणि तेथील फरशीवर तेल सांडलेले असण्याची शक्यता आहे. रविवारी जांबोटीत चहाला उतरणे आहे. राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर दम संपला तर सायकल ढकलणे आहे. बीआरएममध्ये तर प्रत्येक नियंत्रणस्थळी उतरून कार्डावर नोंद घ्यावी लागते, पाणी भरावे लागते, आणि रात्र झाली तर रस्त्याकडेच्या ढाब्यावर ओल्या मोरीतून वाट काढावी लागते. त्यामुळे माझे मत स्पष्टपणे दोन छिद्रांच्या बाजूने आहे. लांब पल्ल्याचे कितीतरी जुने स्वार रोड बाईकलासुद्धा एसपीडीच लावतात आणि त्यात कमीपणा मानत नाहीत.

पेडलमध्ये दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. एकात दोन्ही बाजूंना क्लिप असते, त्यामुळे सिग्नलवरून निघताना खाली न पाहता पाय बसतो. शिमानोचे एम520 हे या प्रकारातले साधे, जड पण अतिशय टिकाऊ पेडल आहे. दुसऱ्या प्रकारात एका बाजूला क्लिप आणि दुसऱ्या बाजूला सपाट पृष्ठभाग असतो, उदाहरणार्थ ईएच500. बाजारात जाताना चप्पल घालून सायकल काढायची असेल तर हा सोयीचा, परंतु दर वेळी योग्य बाजू वर आहे का, हे पाहावे लागते. आपली सायकल रोजच्या वापराची असल्याने मी दुसरा सुचवीन. एक सावधगिरी मात्र बाळगावी. दोन छिद्रांच्या बुटावर क्रँक ब्रदर्स किंवा टाइम या कंपन्यांच्या क्लीटही बसतात, पण प्रत्येक कंपनीची क्लीट तिच्याच पेडलमध्ये अडकते. पेडल एकाचे आणि क्लीट दुसऱ्याची असा संसार जमत नाही.

तळाच्या कडकपणाविषयी थोडे सांगतो, कारण आपली जळजळ बहुधा तेथूनच येते. धावण्याच्या बुटाचा मऊ तळ पेडलच्या कडांवर वाकतो आणि सगळा दाब चवड्याच्या एका ठिपक्यावर येतो. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा तळ हा दाब पसरवतो आणि चालताना थोडा वाकतोही. कार्बनचा तळ पहिल्या जोडीला नको. तो महाग असतो, चालायला त्रासदायक असतो, आणि रुंद पायाला बूट अरुंद पडला तर त्याचा कडकपणा बधिरपणा कमी करण्याऐवजी वाढवतो.

तवंदीघाट (निपाणी)

मलप्रभाकाठ यांचे बहुतेक म्हणणे पटते, पण तीन छिद्रांच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवे. मी निपाणीहून तवंदी घाट ओलांडून संकेश्वर, हत्तरगीकडे जाणारा माणूस आहे. महामार्गाचा रस्ता गुळगुळीत, थांबे मोजके आणि बसणे तासन्‌तास. अशा वापरात मोठ्या क्लीटचा फायदा पायाला कळतो, कारण पेडलवर टेकणारे क्षेत्र रुंद असते आणि उभे राहून घाट चढताना पाय डगमगत नाही. एसपीडीचे पेडल लहान असल्याने बुटाचा तळ पुरेसा कडक नसेल, तर तेच जळजळीचे दुखणे पुन्हा मागे लागते, हेही वाटसरूंनी ध्यानात ठेवावे.

दुसरा मुद्दा गुडघ्यांचा. पाय क्लिपमध्ये अडकल्यावर टाच डावी-उजवीकडे किती हलू शकते, याला फ्लोट म्हणतात. शिमानोच्या तीन छिद्रांच्या क्लीटमध्ये हे रंगावरून ओळखता येते: पिवळ्या क्लीटला सहा अंश, निळीला दोन, तांबडीला शून्य. नवख्याने पिवळीच घ्यावी. लूकच्या कीओ क्लीटमध्ये मात्र तांबडी सर्वांत मोकळी, नऊ अंशांची, आणि काळी शून्याची असते, त्यामुळे केवळ रंग पाहून मित्राची क्लीट उसनी घेऊ नये. एसपीडीला साधारण चार अंशांची मोकळीक मिळते, आणि बहुतेकांना ती पुरते.

चालण्याची अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. क्लीटवर चढवायचे रबरी कव्हर मिळते, ते जर्सीच्या मागच्या खिशात मावते. तरीही डांबरावर रोज चालणाऱ्याची प्लास्टिक क्लीट लवकर झिजते आणि नवी घ्यावी लागते. वाटसरू कारखान्यात जाणारे आहेत, त्यामुळे त्यांच्यापुरते मी माझे मत आग्रहाने मांडणार नाही. नवख्यांसाठीच्या काही रोड शूजच्या तळाला दोन आणि तीन अशा दोन्ही प्रकारची छिद्रे असतात. आज एसपीडी आणि पुढे मन बदलले तर एसएल, अशी वाट मोकळी राहते. मात्र अशा बुटाचा तळ सपाट असल्याने त्यावर लावलेली एसपीडी क्लीट खोलगटात लपत नाही, बाहेर येते आणि फरशीवर खटखटते.

चंदगडची_सायकलस्वार

दादा, पद्धत कोणतीही निवडा, पण माप चुकले तर दोन्ही निरुपयोगी आहेत. आमच्याकडे चंदगडला तर दुकानच नाही, सगळे घरपोच मागवावे लागते, म्हणून या बाबतीत जरा सविस्तर लिहिते.

पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि लांब पल्ल्यावरही तो तसाच सुजणार असतो. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, दोन्ही पायांवर सारखा भार द्या आणि दुसऱ्या कोणाला तरी पेन्सिल सरळ धरून रेघ ओढायला सांगा. स्वतः वाकून रेघ ओढली की पायावरचा भार बदलतो. दोन्ही पाय मोजा, मोठा असेल तो खरा माना. मिळालेले सेंटिमीटर त्या कंपनीच्या तक्त्यात पाहा. आपण चपलेला सांगतो तो सात-आठ नंबर येथे उपयोगी पडत नाही. शिमानोच्या तक्त्यात 26.5 सेंटिमीटरला 42 आणि 27.2 ला 43 येतो, परंतु इटालियन कंपन्यांचे त्याच आकड्याचे बूट पुष्कळदा अधिक अरुंद असतात.

रुंद पायाचे लोक हमखास एक उपाय करतात, तो म्हणजे एक नंबर मोठा बूट घेतात. तो टाळावा. लांबी वाढली की टाच वर उचलली जाते, बूट जेथे वाकायला हवा तेथे वाकत नाही, आणि क्लीटची छिद्रे आपल्या चवड्याच्या पुढे सरकतात. क्लीट पुढे गेली की चवड्यावरचा दाब वाढतो, म्हणजे ज्या त्रासासाठी बूट घेतला तोच पैसे देऊन विकत आणल्यासारखे होते. त्याऐवजी रुंद आवृत्ती शोधावी. शिमानो काही बुटांची रुंद आवृत्ती वेगळी काढते, आणि लेक ही कंपनी रुंद पायांसाठी ओळखली जाते, जरी तिचे बूट आपल्याकडे सहज मिळत नाहीत. रुंदीसाठी कागदावरच्या आकृतीचा सर्वांत फुगीर भाग, म्हणजे अंगठ्याच्या आणि करंगळीच्या मुळांमधले अंतर, मोजून ठेवावे.

बूट घरी आल्यावर सायकलिंगचे मोजे घालून बांधा आणि चालण्यापेक्षा बसून पाहा. टाच घट्ट, मधला भाग सर्व बाजूंनी धरलेला आणि बोटे मोकळी हलणारी, अशी बसणी हवी. करंगळीच्या बाजूला आत्ताच टोचत असेल तर शंभर किलोमीटरनंतर ते बरे होणार नाही. कडक तळाचा बूट चामड्याच्या चपलेसारखा वापरून सैल होत नाही. बूट घालून घरातच सायकलवर भिंतीला टेकून बसा, पाय खाली नेताना टाच निसटते का ते पाहा. आणि मुख्य म्हणजे, माप नक्की होईपर्यंत क्लीट लावू नका. क्लीटच्या दातांचे वळ तळावर उमटले की बूट वापरलेला ठरतो आणि बहुतेक विक्रेते तो परत घेत नाहीत.

बूट आवळायचा बंद वेल्क्रोचा असावा की फिरवायच्या डायलचा, यावर फार डोके शिणवू नये. डायलने सायकलवर असतानाच बूट सैल करता येतो, ही सोय खरी आहे. पण वेल्क्रो स्वस्त असते, आणि चिखल लागला तरी धुऊन काम देते. नाडीचे बूटही चांगले असतात, फक्त नाडीचे टोक आत खोचून ठेवा, साखळीत जाऊ देऊ नका.

जुना_पायडलबाज (शहापूर)

सगळ्यांनी क्लिप गृहीत धरली आहे. मला विचाराल तर 200 किलोमीटरसाठी ती अनिवार्य नाही. धातूच्या खिळ्यांची रुंद सपाट पेडले आणि कडक सपाट तळाचे बूट घेतले तर पाय सरकण्याचा प्रश्न सुटतो, जळजळही बरीच कमी होते आणि गेटपाशी पडण्याची भीती उरत नाही. क्लिपमुळे पाय वर ओढून पुष्कळ जास्त जोर लावता येतो असे सांगतात, ते अतिशयोक्त आहे. सराईत स्वारही बहुतांश जोर खाली दाबतानाच लावतात, आणि वर येणारा पाय फक्त दुसऱ्यावर ओझे होऊ देत नाहीत. क्लिपचा खरा लाभ म्हणजे पाय दर फेरीला एकाच जागी राहतो आणि खड्ड्यात उडत नाही. तेवढ्यासाठी ती हवी असेल तर जरूर घ्या. मात्र बोटे बधिर होण्यामागे बुटाची नाडी आवळून बांधणे हेही कारण असू शकते, ते आधी तपासा. त्याला खर्च नाही.

वडगावचा_वाटसरू (बेळगाव)

सर्वांचे मनापासून आभार. पायडलबाज काका, नाडी सैल करून पाहिली. थोडा फरक पडला, पण जळजळ गेली नाही. ताईंच्या सूचनेप्रमाणे पाय मोजले, उजवा 26.4 सेंटिमीटर आणि डावा किंचित लहान भरला. दोन छिद्रांचा, रुंद आवृत्तीचा 42 नंबर आणि एका बाजूने सपाट पेडल असे ठरवत आहे. आता क्लीट कोठे बसवावी, आणि सुरुवातीला पाय सोडवायचा सराव कसा करावा, हे कोणी सांगेल का? आपल्याकडच्या पावसात हे बूट टिकतात का, हीही शंका आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

निवड योग्य आहे. पेडल बसवताना डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. दोन्ही पेडले सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवली की घट्ट होतात, इतके लक्षात ठेवले तरी पुरते. आट्यांना ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी ती निघणार नाहीत.

क्लीटसाठी बूट घालून अंगठ्याच्या मुळाचे आणि करंगळीच्या मुळाचे हाड बाहेरून बोटाने चाचपा आणि बुटावर दोन्हींच्या खुणा करा. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधोमध यावा. आपल्याला चवड्याचा त्रास आहे म्हणून तो त्याहून चार-पाच मिलिमीटर मागे, टाचेकडे घेतला तरी चालेल. कोनासाठी टेबलावर बसून पाय मोकळे लोंबू द्या. पाऊल आपोआप जितके बाहेर वळते, तितकेच क्लीटवर वळू द्यावे, जबरदस्तीने सरळ करू नये. बोल्ट चार मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने पाच ते सहा न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. सैल बोल्ट हे पडण्याचे एक मोठे कारण आहे, कारण टाच वळवली तरी क्लीट जागच्या जागी राहते आणि फक्त बूट फिरतो. नव्या बुटाचा तळ धावण्याच्या बुटापेक्षा पातळ असल्यामुळे सीट काही मिलिमीटर खाली घ्यावी लागू शकते. नंतर गुडघा पुढून दुखला तर सीट फार खाली गेली आहे असे समजा, मागून दुखला तर फार वर, आणि आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला दुखला तर क्लीटचा कोन पाहा.

सोडवण्याचे तंत्र एकच आहे: टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. वर ओढायचे नाही. शिमानोची एसएच51 ही क्लीट केवळ या बाजूच्या वळणाने सुटते, तर एसएच56 इतर दिशांच्या झटक्यानेही सुटते. नवख्याला दुसरी धीर देते, मात्र उभे राहून जोर लावताना कधी नको तेव्हा सुटते. पेडलच्या डब्यात कोणती आली आहे, ते क्लीटवर कोरलेल्या क्रमांकावरून तपासा. पेडलवरचा ताण नियंत्रित करणारा स्क्रू उणेकडे पूर्ण सैल करून सुरुवात करावी, दोन्ही पेडलांना सारखाच ठेवावा, आणि सवय झाल्यावर थोडा थोडा आवळावा.

सराव आधी घराच्या भिंतीला टेकून आणि नंतर मोकळ्या मैदानात गवतावर करावा. थांबायचे ठिकाण दिसले की आधी पाय सोडवा, मग ब्रेक लावा, आणि शरीर सोडवलेल्या पायाच्या बाजूलाच कलू द्या. बहुतेक लोक सायकल पूर्ण थांबल्यानंतर पाय सोडवायला जातात, आणि तेव्हा ती तोल सोडून चुकीच्या बाजूला झुकलेली असते. रेल्वे गेटजवळ सपाट बाजू वर घेऊन जा, तेथे क्लिपची गरजच नाही. राजहंसगडाचा चढ मात्र पुरेशी सवय होईपर्यंत टाळा किंवा तोही सपाट बाजूनेच चढा. तीव्र चढावर सायकल क्षणात थांबते आणि टाच वळवण्याइतकाही वेळ मिळत नाही.

पावसाविषयी सांगायचे तर खानापूर, जांबोटी पट्ट्यातला तांबडा चिखल क्लीटच्या फटीत बसतो, पाय आत अडकत नाही आणि बोल्टच्या षटकोनी खड्ड्यातही भरतो. घरी आल्यावर तो ओला असतानाच जुन्या दात घासायच्या ब्रशने काढावा. वाळला की सुई लागते. आतले इनसोल काढून बुटात वर्तमानपत्र कोंबावे, कागद भिजला की बदलावा आणि बूट सावलीत वाळवावेत. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर तळाचा गोंद सुटतो. आषाढ-श्रावणात महिन्यातून एकदा बोल्ट काढून ग्रीस लावून परत बसवा.

तवंदीघाट (निपाणी)

एक राहिलेच. बोल्ट काढाल तेव्हा क्लीटच्या कडेने तळावर बारीक पेनने रेघ ओढून ठेवा, म्हणजे परत त्याच जागी बसवता येते. आणि बीआरएमला निघताना चार मिलिमीटरची अ‍ॅलन की आणि क्लीटचा एक जादा बोल्ट पंक्चरच्या सामानात टाका. रात्री वाटेत तो कोणत्याही गावात मिळत नाही.